सतरा नंबरचं स्वयंपाकघर

काटकोनाला काटकोन का म्हणतात, हे त्याच्या घरी पाच मिनिटं बसलं की कळतं. तिसऱ्या मिनिटाला तो उठतो आणि तुमच्या डोक्यामागची तसबीर सरळ करतो. ती आधीच सरळ असते, तरी करतो. बायकोनं वाळत घातलेल्या टॉवेलाचं एक टोक दुसऱ्यापेक्षा बोटभर खाली आलं तर ह्याला घास उतरत नाही. एकदा साडूच्या नव्या घरी जेवायला गेला. जेवणाचं कौतुक राहिलं बाजूला, कपाटाचं दार खाली उतरलंय एवढं सांगून आला. साडूनं त्याला पुन्हा बोलावलं नाही. दार मात्र दुसऱ्याच दिवशी दुरुस्त करून घेतलं, कारण काटकोन म्हणाला म्हणजे ते उतरलेलं असणारच.

ह्या गृहस्थानं सदतीस वर्षं तटरक्षक दलाच्या ड्रॉइंग ऑफिसात ड्राफ्ट्समन म्हणून काढली. किनाऱ्यावर गस्त घालणाऱ्या, बुडणाऱ्यांना वर काढणाऱ्या आणि चोरट्या मालाच्या मागे धावणाऱ्या ज्या नौका, त्यांचे नकाशे ह्याच्या हातून जायचे. निवृत्त झाला त्या दिवशी निरोपाच्या भाषणात मोठे साहेब म्हणाले, ‘ह्या माणसाच्या टेबलावर खोडरबराला कधी काम मिळालं नाही.’ काटकोनानं मान खाली घातली. लोकांना वाटलं, विनय. विनय कसला डोंबलाचा. त्याला दरदरून घाम फुटला होता. सदतीस वर्षांत त्याच्या हातून एक चूक झाली होती आणि ती काही साधीसुधी नव्हती. एकशे साठ फूट लांब होती, समुद्रावर तरंगत होती आणि तिच्या पोटात चाळीस माणसं राहत होती. तिला सगळे सतरा नंबर म्हणत.

आता एवढी मोठी चूक होतेच कशी, असं तुम्ही म्हणाल. त्यासाठी तेव्हाची कामाची रीत माहीत पाहिजे. मोठे साहेब जाड कागदावर पेन्सिलीनं मूळ नकाशा काढायचे. त्यावर ट्रेसिंगचा पारदर्शक कागद ताणायचा आणि ड्राफ्ट्समननं शाईनं रेघा उतरवायच्या. फक्त रेघा. अक्षर नाही, आकडा नाही, भोवतीची चौकटसुद्धा नाही. ते सगळं खिडकीजवळच्या शेवटच्या टेबलावर व्हायचं. तिथे अक्षरं भरणाऱ्या बाई बसायच्या. त्या चौकट आखायच्या, कोपऱ्यात नौकेचा नंबर घालायच्या आणि एकेका खोलीत ‘कोठार’, ‘कचेरी’, ‘स्वयंपाकघर’ अशी देखणी अक्षरं भरायच्या. आणि ह्या कागदाची गंमत अशी की अक्षरं भरेपर्यंत त्याला ना पाठ ना पोट. शाई दोन्हीकडून सारखीच दिसते. म्हणून नियम असा होता की ड्राफ्ट्समननं सुलट बाजूला वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक फुली मारायची. फुली दिसली की सुलट, नाही दिसली की कागद पालथा.

सतरा नंबरच्या मधल्या मजल्याचा कागद पालथा गेला. नौकेचं बाहेरचं अंग दोन्हीकडे सारखंच असतं, त्यामुळे कागद पालथा झाला तरी नौका नौकाच दिसते. नाक पुढे, शेपूट मागे. आतलं तेवढं डाव्याचं उजवं होतं. साहेबांनी स्वयंपाकघर डावीकडे काढलं होतं आणि कचेरी उजवीकडे. गोदीत पोचलेल्या कागदावर कचेरी गेली डावीकडे आणि स्वयंपाकघर आलं उजवीकडे. गोदीतल्या लोकांनी कागदात होतं तसं बांधलं. ते बिचारे दुसरं काय करणार.

नौका पाण्यात सोडायच्या दिवशी काटकोन पहिल्यांदा आत गेला. उजव्या हाताला कचेरी, असं पाठ म्हणत म्हणत त्यानं दार उघडलं, तर समोर चार शेगड्या आणि भिंतीला टांगलेले झारे. त्याच्या पाचावर धारण बसली. त्या कागदाच्या दिवशी साहेबांनी घाई केली होती, एवढं त्याला आठवत होतं. फुली मारल्याचं काही केल्या आठवेना. म्हणजे नाहीच मारली. त्यानं हळूच दार लावून घेतलं आणि त्याबरोबर तोंडही. ते बत्तीस वर्षं उघडलं नाही. बायकोपुढेही नाही, आणि ही तर आणखीच गंमत, कारण त्याची बायको म्हणजे त्याच शेवटच्या टेबलावरच्या अक्षरं भरणाऱ्या बाई. नौका पाण्यात उतरली त्याच वर्षी दोघांचं लग्न झालं.

आणि आता ह्या चुकीनं पुढे काय दिवे लावले ते ऐका. सतरा नंबरची बचाव-बोट आणि ती खाली सोडायची क्रेन उजव्या अंगाला होती. ते वेगळ्या कागदावर होतं आणि तो कागद सुलट गेला होता. तेव्हा बुडणाऱ्यांना वर घ्यायचं ते उजवीकडूनच. पहिल्याच हिवाळ्यात एक मच्छीमार बोट उलटली आणि अकरा जणांना असं वर ओढलं. थंडीनं त्यांची बोबडी वळलेली, ओठ निळे पडलेले. दोन पावलांवर पहिलं दार कुठलं, तर स्वयंपाकघराचं. आत शेगड्या पेटलेल्या, सूपचं पातेलं उकळतंय. अकराच्या अकरा जणांना शेगड्यांभोवती बसवलं आणि अकराच्या अकरा वाचले. साहेबांच्या नकाशाबरहुकूम बांधलं असतं, तर ओल्या अंगानं सबंध बोळ तुडवून त्यांना पलीकडे न्यावं लागलं असतं. त्यातले दोघं तरी बोळातच संपले असते, असं डॉक्टरांनी लिहून ठेवलंय.

कप्तानाचं कौतुकाचं पत्र आलं. ‘स्वयंपाकघराची जागा ज्याला सुचली त्याला सलाम,’ असं होतं त्यात. मोठ्या साहेबांनी ते दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं, आणि सगळ्या ऑफिसासमोर घसा साफ करून म्हणाले, ‘हा विचार पहिल्यापासून माझ्या डोक्यात होता.’ काटकोन पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता. सगळ्यात जोरात तोच वाजवत होता.

पुढची तीस वर्षं सतरा नंबरनं नुसता धुमाकूळ घातला. तीनशे चौदा माणसं वाचवली, दोन कुत्री वाचवली, आणि एका वाहून चाललेल्या तराफ्यावरची शेळी वाचवली. ती शेळी स्वयंपाकघरात शिरल्यावर बाहेर यायलाच तयार नव्हती. धुराड्याचंही असंच. ते स्वयंपाकघराबरोबर उजवीकडे आलं आणि नेमकं कप्तानाच्या खिडकीखाली तोंड काढून बसलं. नऊ कप्तान बदलले. प्रत्येकानं पहिल्या आठवड्यात वासाबद्दल तक्रार केली, दुसऱ्या आठवड्यात ती मागे घेतली आणि बदली झाली तेव्हा दोन मापं मोठी पँट घालून नौका सोडली. चोरटा माल नेणारी एक लाँच तर पाठलागाच्या तिसऱ्या दिवशी आपण होऊन थांबली. तिच्या म्होरक्यानं जबाबात सांगितलं, ‘आम्ही सुकी बिस्किटं चावत होतो आणि वाऱ्यावरून कांदा परतल्याचा वास येत होता. माणसानं सोसायचं तरी किती?’

गेल्या वर्षी सतरा नंबर निवृत्त झाली आणि भंगारात निघाली. महिन्याभरात तिचे तुकडे तुकडे झाले. काटकोन त्या दिवशी शांत झोपला. पुरावा संपला होता. पण झोपायची जरा घाईच केली त्यानं. तिच्या जागी नवी नौका बांधायचं ठरलं, आणि सगळ्या जुन्या कप्तानांनी मिळून एकच अट घातली. बाकी काय वाट्टेल ते बदला, मधला मजला सतरा नंबरचा होता तसाच्या तसा पाहिजे. हे काम आलं त्याच ऑफिसातल्या एका तरुण इंजिनियर बाईकडे. ती काटकोनाची लेक.

लेक तीस वर्षांची. हाताखाली पंधरा माणसं. गोदीतले मिशाळ फोरमन तिला बघून विडी विझवतात. पण बापासमोर कागद ठेवायची वेळ आली की तिचे हात अजून गार पडतात. का पडणार नाहीत? शाळेत तिच्या वहीचा समास हा माणूस पट्टी लावून तपासायचा. आठवीत भूमितीत एक मार्क कमी पडला, तर दोन दिवस बोलला नव्हता. ‘आमच्या हातून असं झालेलं नाही कधी,’ एवढं म्हणाला आणि गप्प. ते वाक्य लेकीच्या मनात घट्ट रुतून बसलं होतं.

तर रविवारी सकाळी तिनं जेवणाच्या टेबलावर नवा नकाशा पसरला.

‘बाबा, जरा बघता? दप्तरातून मोठ्या साहेबांच्या हातचा मूळ नकाशा काढला. शाईची प्रत गोदीतून परत आलीच नाही म्हणे, पण हा शाबूत होता. तसाच्या तसा उतरवलाय. मिलिमीटर इकडचा तिकडे नाही.’

काटकोनानं चष्मा लावला. स्वयंपाकघर डावीकडे, क्रेन उजवीकडे. मधे तो बोळ. त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

‘काही चुकलंय का?’ लेकीनं विचारलं, आणि तिचा चेहरा प्रगतिपुस्तक पुढे करताना व्हायचा तस्सा झाला.

‘छे, छे. उत्तम आहे. कधी जाणार हा पुढे?’

‘गुरुवारी समिती बसते. मंजूर झाला की सोमवारपासून पत्रा कापायला घेतील.’

म्हणजे चार दिवस. आणि ह्या चार दिवसांत तो बोलला नाही, तर कधीतरी कुठल्यातरी हिवाळ्यात आणखी अकरा जण त्या बोळातून ओल्या अंगानं चालणार होते, आणि पलीकडे सगळेच काही पोचणार नव्हते. बोलला, तर ज्या लेकीला त्यानं उभ्या जन्मात एक रेघ वाकडी काढू दिली नाही तिच्यापुढे त्याचं पितळ उघडं पडणार होतं. गडी सापडला कात्रीत. मग त्यानं ठरवलं, चूक सुधारायची पण कबूल करायची नाही. असं ठरवणारा जगात हा काही पहिलाच नव्हे.

रात्रीच्या जेवणाची वाट न बघता दुपारीच त्यानं सुरुवात केली.

‘मी काय म्हणतो,’ तो सहज म्हणाल्यासारखं म्हणाला, ‘स्वयंपाकघर उजवीकडे घेतलं तर?’

‘का?’

‘उजवीकडे ऊन चांगलं येतं.’

लेकीनं घास हातात धरून त्याच्याकडे बघितलं. ‘बाबा, नौका फिरते.’

‘हां. ते आहे म्हणा,’ काटकोन म्हणाला आणि पाणी प्यायला. बायको वाढता वाढता थांबली.

सोमवारी तो सतरा नंबरच्या जुन्या आचाऱ्याकडे गेला. आचारी आता गोदीच्या फाटकाजवळ छोटी खानावळ चालवत होता. सव्वीस वर्षं त्यानं त्या स्वयंपाकघरात काढली होती, ह्याच्याइतका पक्का साक्षीदार कुठून मिळणार? काटकोनानं त्याला पढवलं. ‘ऑफिसात जायचं, माझं नाव काढायचं नाही. नकाशा बघायला मागायचा आणि म्हणायचं, अहो बाई, स्वयंपाकघर तर उजवीकडे होतं.’

आचारी गेला, काटकोन ऑफिसाच्या जिन्याखाली थांबला. तासाभरानं खाली आला तो अगदी समाधानानं मिशीवरून हात फिरवत.

‘सांगितलंत?’

‘सांगायला गेलो, पण तुमची लेक काय हुशार आहे हो. तिनं साहेबांच्या सहीचा नकाशाच पुढे ठेवला. स्वयंपाकघर डावीकडेच होतं.’

‘अहो, सव्वीस वर्षं तुम्ही तिथे उभे होतात.’

‘उभा होतो ना, पण शेगडीकडे तोंड करून. पाठीमागे समुद्र डावा का उजवा ते कोण बघत बसतंय? नकाशात आहे म्हणजे असणार. शिवाय त्यांनी चहा पाजला.’

काटकोनानं कपाळावर हात मारून घेतला. जिवंत साक्षीदार कागदापुढे फितूर झाला होता. आता उरला एकच मार्ग, आणि तो हलकट होता. निनावी पत्र.

मंगळवारी बायको बाजारात गेल्यावर तो टेबलाशी बसला. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पेन डाव्या हातात धरलं. पहिला कागद फाडला, त्यातली ओळ फार सरळ आली होती. दुसराही फाडला. तिसऱ्यावर त्यानं जिवाच्या करारानं अक्षरं वाकडी काढली, दोन शब्द मुद्दाम खोडले. आयुष्यात पहिल्यांदा खोडत होता. ‘सतरा नंबरचं स्वयंपाकघर उजवीकडे होतं. मूळ नकाशावर विसंबू नये. एक हितचिंतक.’ पत्र त्यानं दोन चौक सोडून तिसऱ्या चौकातल्या पेटीत टाकलं आणि स्वतःवर खूश होऊन घरी आला.

बुधवारी दुपारी लेक ऑफिसातून लवकर आली. बायको टेबलाशी मटार सोलत बसली होती, काटकोन वर्तमानपत्राची घडी सारखी करत होता. लेकीनं दोघांच्या मधे पत्र ठेवलं.

‘निनावी पत्र आलंय.’

‘असं? काय दिवस आलेत.’

‘सतरा नंबरचं स्वयंपाकघर उजवीकडे होतं म्हणतात. सही हितचिंतकाची.’

‘असतात असे रिकामटेकडे.’

‘हितचिंतकाची सगळी अक्षरं बरोबर तीन मिलिमीटर उंच आहेत बाबा. मोजली मी. समास वीस मिलिमीटर, चारी बाजूंनी. आणि खोडलंय तेसुद्धा पट्टी लावून.’

काटकोन पत्राकडे बघत राहिला. त्याला वाटलं होतं, कोंबडीच्या पायासारखं अक्षर काढलंय आपण.

‘आधी ऊन, मग आचारी, आता हे,’ लेक म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, पण ती उभीच होती. ‘उद्या समिती आहे. माझ्या नकाशात चूक असेल तर सरळ तोंडावर सांगा ना. एरवी सांगताच की.’

तिचे डोळे पाणावले होते. आपल्या कामात खोट आहे आणि बाप ती सांगायला कचरतोय, म्हणजे खोट केवढी असेल, असं तिच्या मनात चाललं होतं. ते काटकोनाला स्वच्छ दिसलं, आणि मग मात्र त्याला राहवलं नाही.

‘तुझी चूक नाही,’ तो म्हणाला. ‘माझी आहे. सतरा नंबरच्या मधल्या मजल्याचा कागद पालथा गेला. मी फुली मारायला विसरलो. साहेबांनी कचेरी काढली होती तिथे स्वयंपाकघर झालं, आणि ते चुकून झालं म्हणून माणसं वाचली. तू मूळ नकाशा उतरवलास, त्यात ते जिथे असायला नको तिथे आहे. उलट कर. मधला मजला सगळा उलट कर.’

लेक हळूहळू खुर्चीत बसली.

‘तुमची चूक?’

‘हो.’

‘तुमच्या हातची?’

‘हो म्हटलं ना.’

‘भूमितीत माझा एक मार्क गेला तेव्हा तुम्ही दोन दिवस बोलला नव्हतात.’

‘नव्हतो.’

‘आणि तेव्हा तुमची चूक समुद्रावर गस्त घालत होती.’

आता ही रडणार की काय असं काटकोन बघतो तोवर लेक हसायलाच लागली. पोट धरून, डोळे पुसत, टेबलावर डोकं टेकून हसली. रागाचा त्यात मागमूस नव्हता. तीस वर्षांनी तिला मोकळा श्वास घेता येत होता आणि ती तो घेत होती. काटकोनालाही कितीतरी हलकं वाटलं. एवढं सोपं होतं तर आपण इतकी वर्षं काय करत होतो, असं त्याला वाटलं.

‘पुरे,’ बायको म्हणाली.

तिनं मटाराची परात बाजूला सारली होती. ‘पुरे झालं आता. किती वर्षं सांभाळून घेणार आहात मला? लेकीसमोर तरी खरं सांगा. फुली होती. मी पुसली.’

काटकोनाच्या हातातल्या वर्तमानपत्राची घडी विस्कटली.

‘टेबलावर चहा आणायचा नाही, असा नियम होता गं,’ बायको लेकीला सांगू लागली. ‘ती पाटीसुद्धा मीच रंगवलेली. तरी त्या दिवशी मी कप आणला, आणि दोन थेंब सांडले बरोबर ह्यांच्या कागदावर. घाबरून मी टिपलं, खोडरबरानं सगळा कोपरा घासून काढला, कागद खिडकीत वाळायला धरला आणि परत टेबलावर टाकला. कुठल्या बाजूनं टाकला ते बघितलंच नाही, तशीच अक्षरं भरली. नौका तयार झाली तेव्हा कळलं. माझी नोकरी कच्ची होती, दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं मला. आणि हे कुणाला एक शब्द बोलले नाहीत. रोज माझ्या टेबलापाशी यायचे, कशा आहात विचारायचे, पेन्सिलींना टोकं करून आणून द्यायचे. चहाच्या डागावरून ह्यांना सगळं कळलंय आणि तरी हा माणूस मला पाठीशी घालतोय, हे मी ओळखलं. म्हणून तर होकार दिला. नाहीतर ह्या काटकोनाशी कोण लग्न करणार होतं?’ ती थोडं हसली. ‘पुढे पडदा तिरका, मीठ कमी, टॉवेल खाली, रोज काहीतरी असायचंच. मी म्हणायची, एवढी मोठी चूक ज्यानं पोटात घातली, तो पडद्यावरून बोलला तर बोलू दे.’

लेक आता बापाकडे बघत होती, आणि त्या बघण्यात असं काही होतं जे त्याला तिच्याकडून कधीच मिळालं नव्हतं. कौतुक. नुसतं गप्प बसला असता तर ते त्याचंच होतं. बत्तीस वर्षांपूर्वी आयतं पदरात पडलेलं मोठेपण, आणि आता वर साक्षीला लेक. पण जन्मभर दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करत आलेल्या माणसाची खोड ती. समोर चुकीचं काही पडलेलं असलं की ह्याला बसवत नाही.

‘मला ठाऊक नव्हतं,’ तो म्हणाला.

‘काय?’

‘चहाचं. तू फुली पुसल्याचं. मला वाटत होतं, मीच विसरलो.’

बायको त्याच्याकडे वळली. ‘म्हणजे मला पाठीशी घालत नव्हतात?’

‘नाही.’

‘मग रोज टेबलापाशी यायचात ते?’

‘तुला माझी चूक कळलीय का ते बघायला.’

‘आणि पेन्सिली?’

‘त्याच कारणानं. मी घाबरलो होतो.’

लेकीनं तोंडावर हात दाबून धरला. बायको मात्र हसली नाही. तिनं एक शेंग उचलली, सोलली, दाणे परातीत टाकले आणि पुढची उचलली. ‘बत्तीस वर्षं पडदे सरळ करत्ये मी,’ ती परातीला उद्देशून म्हणाली. काटकोनाला तिची एवढी भीती कधीच वाटली नव्हती. लेकीपुढे पितळ उघडं पडेल म्हणून तो चार दिवस तळमळला होता, आणि खरी गमवायची गोष्ट ही इथे बसली होती, हे त्याला आत्ता कळत होतं.

लेकीनं शेवटी पिशवीतून एक छापील कागद काढला. ‘मला नकाशा बदलायचा तर उद्या कारण द्यावं लागेल. बांधलेली नौका मूळ नकाशाहून वेगळी कशामुळे झाली, ते एका ओळीत. आणि कुणाच्या हातून, त्याचं नाव. ते दप्तरात कायमचं राहतं.’

‘माझं लिही,’ बायको म्हणाली. ‘चहा माझा होता.’

‘माझं,’ काटकोन म्हणाला.

‘आता कशाला? कळलं ना सगळ्यांना खरं काय ते.’

‘घरात कळलं, तेवढं पुष्कळ झालं. दप्तरात माझं जाऊ दे.’ त्यानं तो छापील कागद लेकीकडे सरकवला. ‘ज्याच्यासाठी तू होकार दिलास ते मी तेव्हा केलंच नव्हतं. आता तरी करू दे.’

बायकोचे हात थांबले. तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते पुसले नाहीत. लेक पेन उघडून दोघांकडे आळीपाळीनं बघत होती.

‘आई, काय लिहू?’

‘बत्तीस वर्षं उशिरा सुचलं ह्यांना,’ बायको म्हणाली. ‘पण लिही. त्यांचंच लिही.’